ऑनलाईन गणिताची उत्तरं आपोआप तपासणं : मशीनला आधी काय काय सांगावं लागतं?

डिचोलीचा_गणितवाला

मंडळी, बरेच दिवस मनात होतं ते आज लिहायला घेतोय. मी डिचोली तालुक्यात हायर सेकंडरीला गणित शिकवतो. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन टेस्ट घ्यायला जी सुरुवात झाली ती काही थांबलेली नाही, आता तर होमवर्कसुद्धा बऱ्याच ठिकाणी कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर जातो. आणि त्यात गणिताचं जे चाललंय ते बघून जीव जळतो. एक तर सगळं एमसीक्यू करून टाकायचं, म्हणजे पोरं चारही पर्याय समीकरणात घालून बघतात आणि जो बसतो त्यावर टिक करतात, सोडवायची गरजच नाही. नाहीतर रिकामी जागा द्यायची आणि उत्तर अक्षर न् अक्षर जुळलं तरच बरोबर. माझ्या एका विद्यार्थिनीने १/२ लिहिलं, आन्सर-कीमध्ये ०.५ होतं, मार्क शून्य. दुसऱ्याने क्ष+३ च्या जागी ३+क्ष लिहिलं, त्यालाही शून्य. ती पोरगी मला येऊन विचारते, सर माझं चुकलं कुठे? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

गणिताचं उत्तर गणितासारखंच तपासणारी सॉफ्टवेअर आहेत, चांगली आहेत, फुकट आहेत, आणि आपल्याकडे फार कोणी त्यांच्याबद्दल बोलताना दिसत नाही म्हणून हा धागा.

मी वापरतोय ते स्टॅक. बर्मिंगहॅम विद्यापीठात ख्रिस सँग्विन यांनी २००४ च्या आसपास ते सुरू केलं, ते स्वतः नंतर एडिनबरा विद्यापीठात गेले. मूडल या ऑनलाईन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते प्लगिन (जोडभाग) म्हणून बसतं. पोराने टाइप केलेलं उत्तर ते मॅक्झिमा नावाच्या बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे देतं, आणि मॅक्झिमा ते अक्षरं म्हणून न बघता राशी म्हणून बघते.

एकच उदाहरण नीट घेऊ. क्ष²+५क्ष+६ चे अवयव पाडा. पोराने (क्ष+२)(क्ष+३) लिहिलं काय किंवा (क्ष+३)(क्ष+२) लिहिलं काय, त्याच्या उत्तरातून माझं उत्तर वजा केलं की शून्य उरतं, म्हणजे दोन्ही राशी एकच. इथपर्यंत मस्त. पण आता समजा पोराने प्रश्नच परत टाइप केला, क्ष²+५क्ष+६, तर? वजाबाकी अजूनही शून्यच! नुसती समानता तपासायला सांगितली असेल तर मशीन त्याला पूर्ण मार्क देणार. म्हणून दुसरी चाचणी लावावी लागते, उत्तर अवयवांच्या रूपात आहे की नाही ती. स्टॅकमध्ये या चाचण्या फांद्यांसारख्या एकीपुढे एक जोडता येतात. किंमत तीच आहे का? नसेल तर बघ (क्ष-२)(क्ष-३) तर नाही ना, असेल तर 'कंस सोडवून मधलं पद काय येतं ते बघ' असा निरोप आणि थोडे मार्क. किंमत तीच असेल तर पुढे बघ अवयव पाडलेत का, नसतील तर 'राशी बरोबर, पण अवयव पाडायचे राहिलेत'. त्याला शून्य द्यायचं की अर्धा मार्क ते मी ठरवायचं.

वहीवर लाल पेन चालवताना हे सगळं आपण मनातल्या मनात करतो, कोणाला सांगावं लागत नाही. इथे प्रत्येक गोष्ट आधी बसून, लिहून द्यावी लागते. मला हे काम फार मोलाचं वाटतं आणि ते एकट्यादुकट्याने होण्यासारखं नाही. गोव्यातल्या शिक्षकांनी मिळून नववी ते बारावीची एक प्रश्नपेढी करावी अशी मनापासून इच्छा आहे. शिक्षक, पालक, सॉफ्टवेअरवाले, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

म्हापशाची_आई

सर, अगदी वेळेवर धागा काढलात. माझा मुलगा नववीत आहे, त्याच्या क्लासवाल्यांनी एक अ‍ॅप दिलंय. परवा प्रश्न होता, १० सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ. याने पाय (π) ३.१४ धरून ३१४ लिहिलं, लाल फुली. अ‍ॅपचं उत्तर ३१४.२९, म्हणजे त्यांनी २२/७ धरला होता. प्रश्नात काय धरायचं ते कुठेच लिहिलं नव्हतं. तो एवढा रडकुंडीला आला, मला म्हणतो आई मी आता गणित अ‍ॅपवर करणारच नाही. त्याची वही मी स्वतः बघितली, सगळं बरोबर होतं. मशीनला एवढं साधं का कळू नये?

फर्मागुडीचा_कोडर

@म्हापशाची_आई, मशीनला सांगितलंच नाही हो कोणी. आकडेमोडीचं उत्तर तपासताना किती फरक चालेल ते सांगावं लागतं, आणि तो फरक दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक म्हणजे ठराविक, समजा ०.०१ इकडे तिकडे चालेल. दुसरी म्हणजे उत्तराच्या प्रमाणात, समजा ०.१ टक्का चालेल. तुमच्या अ‍ॅपने बहुतेक पहिली तऱ्हा वापरलीय किंवा फरक चालवूनच घेतलेला नाही.

आकडेच बघा. खऱ्या पायने ३१४.१६ येतं, २२/७ ने ३१४.२९, ३.१४ ने ३१४. म्हणजे ०.०१ ची सूट दिली तर तिघांपैकी एकच पास. पण टक्क्यात बघितलं तर २२/७ हा खऱ्या पायपेक्षा साधारण ०.०४ टक्क्याने जास्त आणि ३.१४ हा ०.०५ टक्क्याने कमी. ०.१ टक्का सूट ठेवली की तिन्ही पोरं पास, त्रिज्या १० असो नाहीतर १०००. पाय असलेल्या प्रश्नाला प्रमाणातलीच सूट पाहिजे.

उलट उत्तर शून्य येणार असेल तर प्रमाणातली सूट कामाची नाही, शून्याचा ०.१ टक्का म्हणजे शून्यच, तिथे ठराविक सूट. आणि 'किती माणसं लागतील' असं विचारलं असेल तर सूट अजिबात नको. प्रत्येक प्रश्नाला वेगळा विचार करावा लागतो, एकच सेटिंग सगळ्या पेपरला लावून दिलं की असली रडारड होणारच.

शिवाय कॉम्प्युटरमध्ये ०.१ + ०.२ केलं की प्रोग्रामिंगच्या कितीतरी भाषांमध्ये ०.३०००००००००००००००४ येतं, कारण आत सगळं द्विमान पद्धतीत असतं आणि ०.१ तिथे नेमका बसत नाही. म्हणून दशांश उत्तरं 'अगदी समान आहेत का' असं तपासणारा प्रोग्राम लिहिणं हेच मुळात चूक. अपूर्णांक अपूर्णांक म्हणूनच ठेवले तर हा त्रास नाही, मॅक्झिमा तसे ठेवते.

म्हापशाची_आई

आत्ता समजलं. क्लासवाल्यांना हे असंच्या असं पाठवते. देव बरें करूं.

जुना_मास्तर_फोंडा

धागा वाचला. माझं सगळं आयुष्य फळा-खडूत गेलं आणि बोर्डाचे पेपरही पुष्कळ तपासले, त्यामुळे थोडं परखड लिहितो, राग मानू नये.

गणितात उत्तराला मार्क कमी आणि पायऱ्यांना जास्त असतात. सूत्र लिहिलं त्याचा मार्क, किंमती घातल्या त्याचा मार्क, शेवटी आकडेमोडीत ७ चा १ वाचला म्हणून पोराचे सगळे मार्क कापणारा परीक्षक मी तरी चांगला मानत नाही. तुमचं हे सॉफ्टवेअर शेवटचं उत्तर बघणार. पायऱ्या कोण बघणार? आणि पोरांना एकदा कळलं की फक्त शेवटचा आकडा लागतो, की ती पायऱ्या लिहायचंच सोडतील. आत्ताच सोडलंय अर्ध्यांनी. अकरावीला येणारी पोरं 'बरोबर' चिन्ह कुठे द्यायचं ते विसरलेली असतात, एका ओळीत सगळं कोंबतात.

डिचोलीचा_गणितवाला

@जुना_मास्तर_फोंडा, सर राग कसला, मला हाच मुद्दा यायला हवा होता. यावर दोन गोष्टी करता येतात, तिसरी येत नाही, ते तिन्ही सांगतो.

पहिली, प्रश्नाचे भाग पाडायचे आणि पुढचा भाग पोराच्याच आधीच्या उत्तरावरून तपासायचा. समजा (१,२) आणि (३,८) या बिंदूंतून जाणारी रेषा. भाग एक चढ, भाग दोन समीकरण. चढ ३, समीकरण य = ३क्ष - १. आता नेहमीची चूक म्हणजे पोरं भागाकार उलटा करतात आणि चढ १/३ काढतात. पुढे त्या १/३ वरून त्याने समीकरण रीतसर मांडलं असेल तर वहीत आपण दुसऱ्या भागाचे मार्क देतो की नाही? स्टॅकमध्येही देता येतात, दुसऱ्या भागाची तपासणी ३ वर न ठेवता त्याने पहिल्या चौकटीत जे लिहिलंय त्यावर ठेवायची. फक्त इथे एक मेख आहे. चुकीच्या चढाने (१,२) वापरून समीकरण केलं तर य = क्ष/३ + ५/३ येतं, आणि (३,८) वापरून केलं तर य = क्ष/३ + ७. चढ बरोबर असता तर दोन्हींवरून एकच रेषा आली असती, इथे दोन येतात आणि पोराच्या बाजूने दोन्ही रास्त आहेत. म्हणून एका नेमक्या उत्तराशी ताडून न बघता असं विचारायचं की समीकरणाचा चढ पोराच्याच चढाएवढा आहे का आणि दोनपैकी निदान एक बिंदू त्यावर बसतो का. हे असं मांडायला वेळ लागतो, पण एकदा मांडलं की शंभर पोरांना न्याय मिळतो.

दुसरी, स्टॅकच्या चौथ्या आवृत्तीपासून ओळीओळीने लिहायची सोय आलीय. पोराने समीकरण सोडवताना एकेक ओळ टाइप करायची आणि मशीन प्रत्येक ओळ आधीच्या ओळीशी सममूल्य आहे का ते बाजूला दाखवतं. क्ष² = ९ च्या खाली पोराने नुसतं क्ष = ३ लिहिलं की तिथेच दिसतं, साखळी तुटली, -३ गेला. समीकरणांपुरतं हे फार छान चालतं.

आणि तिसरी, भूमितीची सिद्धता, शाब्दिक उदाहरणातली मांडणी, 'समजा मुलाचं वय क्ष' असं लिहिणं, यातलं काही मशीन नीट तपासत नाही आणि तिथे मी ते वापरणारही नाही. तिथे वही आणि लाल पेनच. माझं म्हणणं एवढंच की रोजच्या सरावाची तपासणी मशीनवर गेली की शिक्षकाकडे सिद्धता वाचायला वेळ उरेल. आत्ता चाळीस-पन्नास वह्यांत अवयव तपासता तपासताच पिरियड संपतात.

काणकोणची_बाई

मी पण शिक्षिका आहे, काणकोणात. सगळं वाचून चांगलं वाटलं पण आमच्याकडची परिस्थिती सांगते. निम्म्याहून जास्त मुलं मोबाईलवर करतात, तो पण घरात एकच, बाबा कामावरून आले की मिळतो. पावसात लाईट गेली की टॉवर पण जातो. लॉकडाऊनला मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून बसत होती हे सगळ्या गोव्याने बघितलंय. हे तुमचं स्टॅक दर उत्तराला सर्व्हरला विचारणार ना? मग मध्येच नेट गेलं तर मुलाने काय करायचं?

फर्मागुडीचा_कोडर

@काणकोणची_बाई, बरोबर ओळखलंत. मॅक्झिमा सर्व्हरवर चालते त्यामुळे स्टॅकला नेट लागतंच. तुमच्यासारख्या ठिकाणी मी न्यूकॅसल विद्यापीठाचं नम्बास सुचवेन. ते सगळं ब्राउझरमध्येच चालतं, टेस्टचं पान एकदा पूर्ण उघडलं की तपासणी फोनमध्येच होते, मध्ये नेट गेलं तरी पोराला बरोबर-चूक कळत राहतं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पेनड्राईव्हवरूनसुद्धा चालवता येतं. मार्कांची नोंद शाळेत जायला हवी असेल तर मात्र शेवटी नेट लागतंच. स्टॅकएवढं बीजगणित त्याला येत नाही, पण नववी-दहावीला पुरून उरतं. तेही फुकट आणि मुक्त.

तिसरं एक वेबवर्क, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात सुरू झालं. त्याच्या खुल्या प्रश्नपेढीत ३०,००० हून जास्त प्रश्न आहेत, पण बहुतेक कॉलेजच्या पातळीचे आणि इंग्रजीत.

आणि मॅक्झिमा कशी टिकली तेही सांगतो, मला ती गोष्ट फार भावते. मूळ काम एमआयटीत १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेलं. पुढे टेक्सास विद्यापीठातले विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून त्याची एक प्रत स्वतः सांभाळली, सुधारली, आणि १९९८ मध्ये ती जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सगळ्यांना खुली करायची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते गेले. त्या माणसाने ही चिकाटी दाखवली नसती तर आज डिचोलीत बसून कोणी अवयवांचे प्रश्न असे तपासू शकला नसता.

सांगेची_बारावी

मी विद्यार्थिनी आहे, लिहू का? आमच्या टेस्टमध्ये सगळ्यात जास्त मार्क टायपिंगने जातात. घात द्यायला जे टोपीसारखं चिन्ह लागतं ते मोबाईलच्या कीबोर्डवर दुसऱ्या पानात लपलेलं असतं. १/२क्ष लिहिलं तर एकदा अर्धा क्ष धरतं आणि एकदा एक भागिले दोन क्ष. साइन क्ष कंस न टाकता लिहिलं तर एरर. गणित येत असून मार्क जातात तेव्हा खूप वाईट वाटतं. प्लीज यावर काहीतरी करा.

डिचोलीचा_गणितवाला

@सांगेची_बारावी, बाय, तू लिहिलंस ते फार बरं केलंस, हे शिक्षकांच्या लक्षातच येत नाही.

यावर स्टॅकमध्ये जी सोय आहे ती मला सगळ्यात आवडते. मार्क देण्याआधी ते दाखवतं, 'तुमचं उत्तर मी असं वाचलं', आणि खाली छापील पुस्तकासारखं मांडून दाखवतं, अंश वर, छेद खाली. तू १/२क्ष टाइप केलंस आणि खाली अर्धा गुणिले क्ष दिसलं, आणि तुला छेदात २क्ष हवा होता, तर तू तिथेच कंस टाकून दुरुस्त करशील. साइनला कंस नसेल तर ते अडवतं, कंस टाक म्हणून सांगतं, पण त्याला चुकीचं उत्तर मानत नाही, मार्क कापत नाही. वाचता न येणं आणि चुकीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जी टेस्ट यांत फरक करत नाही ती मुलांवर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

२क्ष मध्ये गुणाकाराचं चिन्ह नसलं तरी चालवून घ्यायचं की नाही हे शिक्षक ठरवू शकतो. मी चालवून घेतो. पण क(क्ष+१) असं आलं की मशीनला प्रश्न पडतो, हा क गुणिले कंस, की क नावाचं फलन? तिथे मी प्रश्नातच सूचना देतो.

फर्मागुडीचा_कोडर

यात अजून एक भर. मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर पोरं देवनागरी आकडे टाइप करतात, १२ असं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने प्रत्येक अक्षराला क्रमांक देतो त्यात, देवनागरी १२ आणि इंग्रजी आकड्यातले बारा ही पूर्ण वेगळी चिन्हं आहेत. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला देवनागरी १२ दिलं तर ती ते बिनतक्रार बारा म्हणून घेते, जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेला दिलं तर ती म्हणते हा आकडाच नाही. म्हणजे एकाच पोराचं एकच उत्तर एका साईटवर बरोबर आणि दुसऱ्या साईटवर चूक. दहा चिन्हं अदलाबदल करायची ओळ लिहायला पाच मिनिटं लागत नाहीत, पण ज्याने साईट केली त्याच्या डोक्यातच नसतं की कोणी मराठीत आकडे लिहील. तसंच वर्डमधून कॉपी केलेली वजाबाकीची लांब रेघ, गुणाकाराची फुली, आणि आपला लाखाचा स्वल्पविराम, १,००,०००. हे सगळं आधी साफ करून घेतलं पाहिजे.

वास्कोचा_वाचक

एवढा खटाटोप कशाला? आता एआय आहे. वहीच्या पानाचा फोटो काढा, चॅटबॉटला द्या, पायऱ्यांसकट तपासून देईल.

डिचोलीचा_गणितवाला

@वास्कोचा_वाचक, मी करून बघितलंय आणि काही वेळा ते खरंच चांगलं समजावून सांगतं. पण मार्क द्यायचं काम मी त्याच्यावर सोडणार नाही. तेच पान पुन्हा दिलं तर निकाल बदलू शकतो. दोन पोरांचं सारखंच उत्तर, एकाला तीन मार्क आणि एकाला दोन, आणि का ते मी त्यांच्या आईबापांना काय सांगू? मॅक्झिमा वजाबाकी करते, शून्य आलं की आलं, आज आणि वर्षानंतरही. पोराने विचारलं तर मी त्याला नेमकी कुठली चाचणी नापास झाली ते उघडून दाखवू शकतो.

एआयकडून प्रश्नांचे कच्चे मसुदे करून घ्यायला माझी हरकत नाही. स्टॅकमध्ये प्रश्नाचीच परीक्षा घ्यायची सोय आहे, म्हणजे प्रश्नासोबत नमुन्याची उत्तरं लिहून ठेवायची, याला पूर्ण मार्क मिळाले पाहिजेत, याला अर्धे, याला शून्य, आणि एक बटण दाबलं की सगळी तपासून घेता येतात. आकडे प्रत्येक पोराला वेगळे पडणार असतील तर ही परीक्षा फारच गरजेची. अवयवांच्या प्रश्नात आकडे कसेही सोडले तर कधी न सुटणारी राशी पडते. म्हणून आधी मुळं निवडायची, २ आणि ३, आणि त्यावरून राशी बनवायची.

वास्कोचा_वाचक

हं. आईबापांना काय सांगणार हा मुद्दा मान्य.

म्हापशाची_आई

एक शंका. पुढे जेईई द्यायची म्हटली तर तिथे पण आकडा टाइप करायचे प्रश्न असतात ना? तिथे पायऱ्या कोण बघतं?

फर्मागुडीचा_कोडर

कोणी नाही. जेईई मेनला २०२० पासून असे प्रश्न आले, स्क्रीनवरच्या कीपॅडने आकडा भरायचा. अ‍ॅडव्हान्स्डला उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत द्या असं लिहिलेलं असतं, आणि गेटच्या (इंजिनीअरिंगनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या) आन्सर-कीत तर सरळ 'इथपासून इथपर्यंत' अशी कक्षाच देतात. त्या निवड परीक्षा आहेत, लाखो पोरांतून गाळायचं असतं. शाळेतली टेस्ट शिकवण्यासाठी असते, तिथे त्यांची नक्कल करायचं कारण नाही.

जुना_मास्तर_फोंडा

हे शेवटचं वाक्य पटलं. रेषेचं उदाहरणही नीट वाचलं, दोन बिंदू आणि दोन रेषा, बरोबर आहे, असा विचार करून पेपर काढणारा माणूस असेल तर माझा विरोध नाही. पण मला एक सांगा, मशीन दोन राशी समान आहेत हे दर वेळी खात्रीने सांगू शकतं का? की आकडे घालून बघतं?

फर्मागुडीचा_कोडर

सर, दोन्ही पद्धती आहेत. मॅक्झिमा सरळ रूप देऊन बघते. वेबवर्क मुख्यतः काही ठिकाणी क्ष च्या किंमती घालून दोन्ही उत्तरं ताडून बघतं. दुसरी पद्धत ऐकायला कच्ची वाटते पण बहुपदींना पक्की आहे, कारण दुसऱ्या घाताच्या दोन बहुपदी तीन वेगळ्या ठिकाणी जुळल्या तर त्या एकच असतात. धोका कुठे? क्ष² चं वर्गमूळ आणि क्ष. फक्त धन आकडे घालून बघितलं तर दोन्ही सारखीच दिसतात, -२ घातलं की एकीकडे २ आणि दुसरीकडे -२. म्हणून कुठल्या कक्षेतले आकडे घ्यायचे ते प्रश्न काढणाऱ्याने सांगायचं असतं. लॉगमध्ये उलट, ऋण आकडा गेला की सगळंच अडतं.

आणि 'दर वेळी' म्हणाल तर नाही. रिचर्डसन नावाच्या गणितज्ञाने १९६८ मध्ये सिद्ध केलंय की साइन, घातांकी फलन वगैरे मिसळलेल्या राशी घेतल्या तर कुठलीही राशी शून्य आहे की नाही हे हमखास ठरवणारी रीत असूच शकत नाही. आपल्या बारावीपर्यंतच्या गणितात असल्या राशी येत नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण त्रिकोणमितीची वेडीवाकडी उत्तरं कधी कधी मशीनला ओळखू येत नाहीत, तिथे शिक्षकाने नंतर नजर टाकलीच पाहिजे.

काणकोणची_बाई

नम्बास उघडून बघितलं, मोबाईलवर चाललं. आता भाषेचं सांगा. आमची मुलं चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी. अंश-छेद माहीत असतं, न्यूमरेटर म्हटलं की बावरतात. सूचना आणि चुकीचा निरोप तिन्ही भाषांत देता येईल का? नुसतं 'इनकरेक्ट' दिसलं की आमची मुलं फोन ठेवून देतात.

डिचोलीचा_गणितवाला

येईल. मूडलमध्ये बहुभाषी फिल्टर आहे, एकाच प्रश्नात इंग्रजी, मराठी, कोकणी तिन्ही मजकूर लिहून ठेवायचे, ज्याची जी भाषा लावलेली त्याला ती दिसते. गणित एकदाच लिहायचं, निरोप तीनदा. निरोप लिहायला मात्र वर्गात मुलांशी बोलणारी माणसं हवीत. 'चिन्ह चुकलं' हे मुलाला कसं सांगायचं म्हणजे तो परत प्रयत्न करेल, ते तुम्हाला जास्त कळतं. बाई, नववीचे निरोप मराठी आणि कोकणीतून तुम्ही लिहाल का?

काणकोणची_बाई

लिहीन की. चतुर्थीच्या सुट्टीत बसते. बहुपदी आणि रेषीय समीकरणं आधी द्या, तिथेच जास्त अडतात.

सांगेची_बारावी

आम्ही मैत्रिणी टेस्ट सोडवून बघू आणि टाइप करताना काय काय अडलं ते लिहून पाठवू. चालेल?

डिचोलीचा_गणितवाला

चालेल काय, तेच हवंय! मुलं नेमक्या काय चुका करतात त्याची यादी झाली की प्रत्येक चुकीला एक फांदी जोडता येते.

@जुना_मास्तर_फोंडा सर, आता तुमच्याकडून निवाडा पाहिजे. दहावीच्या आधीचं करणींचं प्रकरण घेतलंय. 'सरळ रूप द्या' असं विचारलंय आणि उत्तर २√२ आहे, पोराने √८ लिहिलं तर किती द्यायचे? आणि १/√२ लिहिलं, √२/२ केलं नाही, तर?

जुना_मास्तर_फोंडा

√८ ला दोनपैकी एक. किंमत बरोबर आहे पण विचारलेलं काम केलेलं नाही. निरोपात लिहा, '८ मध्ये पूर्ण वर्ग असलेला अवयव कोणता ते शोध', उत्तर सांगून टाकू नका. २.८३ लिहिलं तर शून्य, ती आसन्न किंमत झाली.

१/√२ ला पूर्ण मार्क. प्रश्नात 'छेदाचं परिमेयीकरण करा' असं स्पष्ट म्हटलं असेल तरच कापायचे, नाहीतर पोराचा एकही मार्क जाता कामा नये. आणि √४ = ±२ लिहिणाऱ्यासाठी वेगळी फांदी ठेवा, दरवर्षी निम्मा वर्ग ते लिहितो.

डिचोलीचा_गणितवाला

असंच मांडतो सर. ±२ ची फांदी माझ्याकडे नव्हती, ती आजच जोडतो आणि रात्रीपर्यंत प्रश्न चाचणीसाठी खुला करतो. लिंक इथेच टाकेन, ज्यांना प्रश्न काढायचेत त्यांनी इयत्ता आणि प्रकरण खाली लिहा म्हणजे दोघांनी एकच घ्यायला नको.

म्हापशाची_आई

मी शिक्षिका नाही पण वर्तुळाचे प्रश्न मुलाला बसवून सोडवून घेते, २२/७ ने एकदा आणि ३.१४ ने एकदा.

फर्मागुडीचा_कोडर

नववी, वर्तुळ आणि पृष्ठफळ-घनफळ माझ्याकडे. देवनागरी आकड्यांची ओळ पण मीच लिहून देतो.